जय आला, मागोमाग गर्दी आली

मे महिन्यातला विदर्भ. पारा पंचेचाळिशीच्या घरात, कुत्रीसुद्धा सावलीतून हलायला तयार नाहीत. आणि नेमक्या याच दिवसांत माणसं पदरचे पैसे मोजून पवनीच्या जंगलगेटवर उघड्या जिप्सीत बसायला येतात! वेड लागलंय का सगळ्यांना?

नाही. गंमत पाण्याची आहे. सागाची पानं गळून गेलेली, नाले आटलेले, उरतात ते मोजके पाणवठे. पावसाळ्यात जे जंगल वाघाला पोटात लपवतं, तेच उन्हाळ्यात त्याला पाण्यावर आणून बसवतं. बसवतं म्हणजे अक्षरशः! वाघ पाण्यात बहुधा उलट्या पावलांनी शिरतो, शेपटीकडून बुडतो आणि मान वर ठेवून तासन् तास डुंबत राहतो. पाणी जितकं कमी, तितकी गेटवर गर्दी जास्त.

पण अख्ख्या अभयारण्याचं नशीब एकट्या वाघाने पालटलेलं ऐकलंय?

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 चं. नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत मिळून जेमतेम 189 चौरस किलोमीटर. ताडोबा हाकेच्या अंतरावर असताना याला विचारतो कोण? मग 2013 मध्ये नागझिऱ्याहून एक तरुण नर निघाला. वयात आलेल्या नराला स्वतःचा इलाका लागतो, जन्मगावी तो मिळेलच असं नाही. शेतं, गावं, महामार्ग, मध्ये वैनगंगा... शंभरएक किलोमीटर तुडवून पठ्ठ्या इथे पोचला. पायी! नाव जय, ‘शोले’मधला, भावाचं नाव अर्थातच वीरू. धिप्पाड अंगाचा आणि गाड्यांना न बुजणारा. बघता बघता लोक त्याचं नाव घेऊन गेटवर येऊ लागले.

18 एप्रिल 2016 ला त्याच्या रेडिओ कॉलरचा सिग्नल थांबला. जय पुन्हा कुणाला दिसला नाही, आणि गेटवरची वर्दळही ओसरली. जाहिरात तीच, रस्ते तेच. फक्त एक वाघ कमी!

पुढे एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांनी गर्दी परत खेचली. इतकी, की 31 डिसेंबर 2024 ला गोठणगावच्या सफारीत गाड्यांनी त्यांची वाटच अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

तेव्हा जा, उन्हाळ्यातच जा, पहाटेची फेरी धरा. आणि वाघ दिसलाच, तर ड्रायव्हरला म्हणा, ‘भाऊ, गाडी थोडी मागं घ्या.’