कासव नजरेवर जगत नाही

मार्चमधल्या एका रविवारी शहागंजातल्या आमच्या गल्लीतल्या एक आजी सहावीतल्या नातवाला घेऊन दारात उभ्या राहिल्या. नातवाच्या हातात प्लास्टिकचा टब आणि टबात तळहाताएवढे हिरवे कासव. "डॉक्टरसाहेब, आठ दिवस झाले, तोंड लावत नाही बघा. जरा नजर टाका." मी माणसांचा डॉक्टर आहे, असे सांगून पाहिले. आजींनी ते ऐकून घेतले आणि टब माझ्या टेबलावर ठेवला.

कासवाचे डोळे सुजून मिटले होते. कवचाच्या कडा वर वळल्या होत्या. कवचावर अंगठा ठेवला, तर ते दबले. हा स्पर्श माझ्या ओळखीचा होता. मुडदूस झालेल्या तान्ह्या बाळाच्या डोक्याचे हाड बोटाखाली असेच दबते. सरकारी रुग्णालयातल्या नोकरीत अशी बाळे अनेकदा पाहिली आहेत.

"कधीपासून आजारी आहे?" असे विचारले, तर नातू म्हणाला, "परवापर्यंत एकदम चांगलं होतं, काका. गप्प बसून असायचं." खरी अडचण इथेच आहे. कुत्रे आजारी पडले की कण्हते, मांजर कोपऱ्यात जाऊन बसते. कासव निरोगी असतानाही गप्प आणि आजारी असतानाही गप्प. त्याच्या शरीराचे सगळे काम संथ, म्हणून आजारही संथ. आपल्याला तो दिसतो तेव्हा त्याला कित्येक महिने झालेले असतात.

कासवी नुसत्या नजरेने पिलांना पोसते, असा दृष्टान्त आपल्या संतांनी दिला आहे. दृष्टान्त म्हणून तो सुंदर आहे. प्रत्यक्षात मादी वाळूत किंवा मातीत अंडी घालून निघून जाते आणि पिले पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हिमतीवर जगतात. घरात आणलेल्या कासवाला मात्र ती हिंमत करता येत नाही. ऊन, ऊब, पाणी आणि अन्न या चारही गोष्टी आपण दिल्या तरच त्याला मिळतात.

आधी कासव कोणते ते पाहा

मराठीत जमिनीवरचे आणि पाण्यातले, दोघांनाही आपण कासवच म्हणतो. पण दोघांची निगा वेगळी आणि कायदाही वेगळा.

पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले, घुमटासारख्या पाठीचे ते तारा कासव. ते जमिनीवर राहते आणि पालापाचोळा, गवत खाते. "घरात ठेवले की लक्ष्मी येते" या समजुतीपायी त्याची सर्वाधिक चोरटी विक्री होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते पकडणे, विकणे आणि घरात पाळणे गुन्हा आहे. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आली. २०१८ मध्ये सिंगापूरमध्ये जप्त झालेली ५१ तारा कासवे विमानाने कर्नाटकात परत आणावी लागली होती. आपल्या नद्या-विहिरींतल्या देशी कासवांनाही कायद्याचे संरक्षण आहे. असे कासव घरात असेल, तर ते कुठेतरी गुपचूप सोडून देऊ नका. वनविभागाच्या १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवा.

मुलांच्या हट्टापायी बहुतेक घरांत येते ते तिसरेच. कानाजवळ लाल पट्टा असलेले, हिरवे, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे पिलू. हे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. दुकानात ते "एवढेच राहते" म्हणून सांगितले जाते. खरे म्हणजे मादी २५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट निगा राखली तर ३० वर्षे जगते. सहावीतल्या मुलाने आणलेले कासव त्याच्या लग्नातही हजर असू शकते. माझ्या टेबलावरचे कासव याच जातीचे होते, म्हणून पुढची माहिती मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

माणसाचा मुडदूस, कासवाचा मुडदूस

हाडे घट्ट होण्यासाठी कॅल्शियम लागते आणि ते आतड्यातून शोषून घेण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व उन्हातल्या अतिनील 'ब' किरणांमुळे त्वचेत तयार होते. माणसात जे घडते तेच या कासवात घडते. फरक इतकाच, की कासवाचे कवच हा त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. फासळ्या आणि पाठीचा कणा त्यात जोडलेले असतात. म्हणून कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ होते, कडा वळतात, जबडा लिबलिबीत होतो आणि पाय ओढत चालणे सुरू होते. वाढत्या वयात हे फार लवकर होते.

शहागंजातली आमची जुनी घरे एकमेकांना खेटून आहेत. अंगणात ऊन येते ते तासभर. ते कासवही खोलीतल्या कपाटावर, काचेच्या बंद खिडकीजवळ ठेवलेले असे. "ऊन तर येतं की!" आजी म्हणाल्या. पण खिडकीची साधी काच उजेड आणि उष्णता आत सोडते, अतिनील 'ब' किरण मात्र जवळजवळ पूर्ण अडवते. बाळाला बंद काचेआडून ऊन दाखवणाऱ्या आयांनाही मी हेच सांगत असतो.

मग करायचे काय? सकाळचे कोवळे ऊन कासवाला थेट मिळू द्या, आठवड्यातून चार-पाच दिवस, वीस-तीस मिनिटे. टब पसरट हवा आणि अर्ध्या भागावर सावली हवी, म्हणजे तापले की त्याला सरकता येईल. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडचे दुपारचे ऊन आणि काचेचे भांडे ही जोडी जीवघेणी आहे. पाणी काही मिनिटांत तापते आणि कासवाला पळायला जागा नसते. जिथे ऊन येतच नाही तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा अतिनील 'ब' दिवा लावावा. साधा बल्ब त्याची जागा घेत नाही. शिवाय या दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी वर्षभरात किरणांचा जोर उतरतो, म्हणून तो बदलावा लागतो.

ताटात काय असावे

त्या घरात कासवाला दोनच गोष्टी मिळत होत्या: दुकानातली वाळवलेली कोळंबी आणि पोळीचे तुकडे. कोळंबी चवीपुरती ठीक, पण रोजचे जेवण म्हणून अपुरी. पोळी, भात, फरसाण, दूध यांतले काहीही कासवाचे अन्न नव्हे.

पाणकासवांसाठीचे तयार खाद्य हा आहाराचा पाया असावा. त्याच्या जोडीला शेवग्याचा पाला, मेथी, किसलेले गाजर, लाल भोपळा. लहानपणी त्याला प्रथिने जास्त लागतात, तेव्हा अधूनमधून गांडूळ किंवा लहान मासा काट्यांसकट द्यावा. नुसते मांसाचे तुकडे देऊ नयेत, कारण त्यांत कॅल्शियम नगण्य असते. मोठेपणी पालेभाजीचा वाटा वाढवावा. पालक रोज नको. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडवून ठेवते. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पाण्यात टाकून ठेवला, तर कासव तो कुरतडते आणि कॅल्शियम मिळवते. पाणकासव कोरड्यावर घास गिळू शकत नाही, म्हणून अन्न पाण्यातच द्यावे.

सुजलेल्या डोळ्यांचे कारणही बहुधा आहारातच असते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींचे अस्तर जाड होते आणि पापण्या सुजून मिटतात. आपल्याकडे लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात ते डोळ्यांना असाच अपाय होऊ नये म्हणून. डोळे मिटलेल्या कासवाला अन्न दिसत नाही, ते खात नाही आणि आणखी खंगते. मात्र घरातल्या गोळ्या फोडून त्याच्या तोंडात टाकू नका. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर त्याची कातडी सोलवटून निघते. मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची.

ऊब, पाणी आणि श्वास

कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. भोवतालचे तापमान तेच त्याचे तापमान. डिसेंबरात आपल्या शहरात रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा टबातल्या कासवाचे पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. पाणी २४ ते २८ अंश असावे. अंग पूर्ण कोरडे करता येईल असा दगड किंवा फळी हवी आणि तिथली ऊब ३० ते ३२ अंश असावी. सतत ओल्यात राहणाऱ्या कासवाचे कवच कुजते: खड्डे, पांढुरके मऊ डाग, घाण वास. कवचाला तेल, व्हार्निश, रंग, टिकल्या काहीही लावू नका.

थंडीतला दुसरा धोका न्यूमोनियाचा. नाकातून बुडबुडे, तोंड उघडे ठेवून श्वास, मान ताणणे, पाण्यात एका कुशीवर कलून तरंगणे ही त्याची लक्षणे. ती दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. मोठ्या मादीला अंडी घालायला माती मिळाली नाही, तर अंडी आत अडकतात. नर सोबत नसला तरी मादी अंडी धरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि पाणी. कवचाच्या दर इंचाला साधारण ३५ ते ४० लिटर, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पूर्ण वाढलेल्या कासवाला तीनशे लिटरच्या पुढे, तेही गाळणयंत्रासह आणि वेळोवेळी बदललेले. ज्या शहरात जायकवाडीचे पाणी नळाला दिवसाआड नव्हे, कित्येक दिवसांआड येते, तिथे हा आकडा कासव विकत घेण्याआधी पाहायला हवा.

घरातल्या माणसांसाठी

उठताना आजी सहज म्हणाल्या, "धाकट्यालाही मागच्या पंधरवड्यात फार जुलाब झाले. ताप होता. शौचात रक्त पडलं." मी पुन्हा खाली बसलो. टब कुठे धुता? "मोरीत, भांड्यांच्या शेजारी."

कासवाच्या आतड्यात साल्मोनेला जंतू आरामात राहतात. त्यांचा कासवाला त्रास नसतो, पण ते विष्ठेतून पाण्यात आणि कवचावर पसरतात. ते कधी बाहेर पडतात, कधी नाही, म्हणून एकदा तपासणीत जंतू सापडले नाहीत तरी कासव निर्धोक ठरत नाही. लहान मुलांत याच कारणाने इतके आजार आढळले, की अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. ती आजही आहे. चार इंच का? तर त्याहून लहान कासव मूल तोंडात घालू शकते.

हा टायफॉइड नव्हे. टायफॉइडचा जंतू याच कुळातला असला तरी तो माणसाकडूनच माणसाकडे जातो. कासवाकडून येणारे साल्मोनेला बहुधा ताप, पोटात मुरडा आणि जुलाब करतात. बहुतेक जण पाणी, मीठ-साखर यांवर चार ते सात दिवसांत बरे होतात. पण तान्ह्या बाळांत, वृद्धांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत जंतू रक्तात, क्वचित मेंदूच्या आवरणातही शिरतात. विडाल तपासणीवर यात विसंबू नये. शौचाचे कल्चर करावे लागते. मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. आणि घरात कासव आहे, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. आम्हीही ते नेहमी विचारतोच असे नाही.

कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावला की साबणाने हात धुवा. टब न्हाणीघरात, वेगळ्या ब्रशने धुवा. स्वयंपाकघरात, ओट्यावर, भांड्यांच्या मोरीत कधीच नाही. कासवाचा पापा घेऊ नका, त्याला स्वयंपाकघरात फिरू देऊ नका. घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा केमोथेरपी घेणारे कोणी असेल, तर कासव आणूच नका.

नकोसे झाले म्हणून तलावात?

नाही. सलीम अली सरोवर, हर्सूलचा तलाव, शेतातली विहीर यांपैकी कुठेही नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत हे लाल पट्ट्याचे कासव आहे. ते देशी कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते, त्यांना आजारही देते. पुण्य म्हणून सोडलेले कासव तिथल्या कासवांच्या मुळावर येते. सांभाळणे जमत नसेल, तर वनविभाग किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा.

आजींचे कासव मी शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवले. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य प्रत्येक ठिकाणी मिळतोच असे नाही. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारणा करता येते. औषधे, खाद्य, सकाळचे ऊन सुरू झाले. तीन आठवड्यांनी त्याने डोळे उघडले, पावसाळ्यापर्यंत कवच घट्ट झाले. वळलेल्या कडा मात्र तशाच राहिल्या. मुडदुसात वाकलेले पायही नेहमी पूर्ण सरळ होत नाहीत.

नातवाला मी एक काम लावून दिले आहे. दर रविवारी कासवाचे वजन करायचे आणि वहीत लिहायचे. त्यासाठी वेगळा छोटा काटा घेतला आहे, स्वयंपाकघरातला नव्हे. बोलता न येणाऱ्या रोग्याची तक्रार सर्वांत आधी वजनात दिसते. तान्ह्या बाळाचे वजन आपण अंगणवाडीत दर महिन्याला लिहून ठेवतो ते याचसाठी. सलग दोन-तीन आठवडे आकडा उतरला, तर ते गप्प आहे म्हणून बरे आहे असे समजायचे नाही. पशुवैद्याकडे जायचे.