स्कॉटलंडचे भांडण, नागपूरचा समेट

चंद्रपूरचे नाव काढले की गोंड राजांचा परकोट, महाकालीची यात्रा आणि कोळशाच्या खाणी डोळ्यांपुढे येतात. इथल्या छोट्या ख्रिस्ती समाजाची आठवण सहसा कुणाला होत नाही. वास्तविक विदर्भातील प्रॉटेस्टंट मंडळींची कहाणी ही एका परदेशी भांडणाची आणि त्याच्या देशी समेटाची कहाणी आहे.

सतराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये वाद पेटला : चर्चचा कारभार कुणी पाहावा? एक पक्ष म्हणे, वर बिशप हवाच. दुसरा म्हणे, सारे पाळक सारखे. त्यांनी आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मिळून कारभार करावा. १६९० मध्ये हा दुसरा, म्हणजे प्रेस्बिटेरियन पक्ष जिंकला. बिशप मानणारे एपिस्कोपल वेगळे राहिले. बायबल, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोघांनाही मान्य होते, तरीही फूट पडली ती पडलीच.

ही फूट मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले, ते प्रेस्बिटेरियन पंथाचे. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. गोंडांची भाषा आणि लिंगोची कथा त्यांनी टिपून ठेवली. १८६३ मध्ये ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांचे हे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. चांद्यात मात्र १८७०च्या दशकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने मिशन काढले. काशीत वाढलेले, शास्त्री घराण्यातील नीलकंठ ऊर्फ नेहेम्या गोरे यांनी सुरुवातीच्या काळात येथे काम केले. पुढे अनेक वर्षे चांद्यात राहिलेले अलेक्स वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. दक्षिणेला, प्राणहितेकाठच्या सिरोंचात अमेरिकन मेथॉडिस्ट आले.

म्हणजे माणूस कोणत्या पंथाचा, हे त्याच्या गावी कोणते मिशन पोहोचले यावर ठरू लागले! ज्याने स्कॉटलंड नकाशातही पाहिले नाही, त्याच्या वाट्याला तिथले भांडण आले. बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेल्या पाळकाने प्रभुभोजनाचा विधी चालवणे एपिस्कोपल शिस्तीत बसत नसे. मग नागपूरच्या प्रेस्बिटेरियन पाळकाने चांद्याच्या वेदीपुढे उभे कसे राहावे? भाषा एक, श्रद्धा एक, पण पंगत वेगळी. पंगतीचे दुःख महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

हे दुःख मिटविण्याच्या वाटाघाटी उत्तर भारतात १९२९ पासून चालल्या. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा चर्चे एकत्र आली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली. बिशप राहिले, पण घटनेच्या चौकटीत. वडीलधाऱ्यांचा आवाजही राहिला. बाप्तिस्मा बाळपणी द्यावा की जाणतेपणी, या वादात दोन्ही रीती मान्य झाल्या. पाळकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. कुणाची दीक्षा खरी, हा प्रश्न देवावर सोपविला.

समेट पुरा झाला असे मात्र नाही. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, ते आजही वेगळे आहेत. तरी चांद्याची आणि नागपूरची मंडळी एका छत्राखाली आली, हे थोडे नव्हे. दुसऱ्याकडून श्रद्धा घेतली म्हणजे त्याचे वैरही घ्यावे लागते असे नाही, एवढे या छोट्या समाजाने दाखवून दिले.