काचेतल्या बाळाचे ऋण कसे फेडावे?

‘डॉक्टर, बाळ काचेत होतं तेव्हा त्या लोकांनी आमच्यासाठी खूप केलं. आता आमचंही काही कर्तव्य आहे. काय द्यावं?’ अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आईवडील पुढे लसीकरणाला येतात, तेव्हा हा प्रश्न मला अनेकदा विचारतात. प्रश्न ऐकून समाधान वाटते. पण चांगल्या मनाने दिलेली देणगीही चुकीच्या जागी गेली तर वाया जाते. म्हणून आज या विषयावर थोडे बोलू या.

प्रथम मूळ गोष्ट. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात अशी १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांत सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३० लाख, आपल्या देशात जन्मली. ‘सातव्यातले जगते, आठव्यातले नाही’ ही समजूत खोटी आहे. पोटात जितके दिवस अधिक, तितके बाळ सशक्त. या बाळांची फुफ्फुसे कच्ची असतात. अंगावर चरबी नसल्याने ती लवकर गार पडतात. दूध ओढण्याची ताकद नसते आणि जंतुसंसर्ग चटकन होतो.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने ही सोय केली आहे. तेव्हा एक गोष्ट आधीच सांगतो. देणगी हे उपचाराचे बिल नव्हे. बाळ दाखल असताना कर्ज काढून काही देऊ नका, आणि कोणी तसे मागितले तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा. देण्याचा विचार बाळ घरी येऊन, घडी बसल्यावर करावा.

काय देऊ नये?

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ मुलाच्या पहिल्या वाढदिवशी दूध पावडरचे डबे आणि बाटल्या खोक्यात भरून सरकारी रुग्णालयात वाटायला निघाले होते. वाटेत दवाखान्यात डोकावले म्हणून बरे झाले. १९९२ च्या कायद्याने बाळासाठीचे पर्यायी दूध आणि दुधाच्या बाटल्या दान करण्यास मनाई आहे. अपवाद फक्त अनाथालयांचा. कारणही तसेच आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी नाजूक असतात. पावडरच्या दुधावरील बाळांना आतड्याचा एक जीवघेणा आजार होण्याचा धोका आईच्या दुधावरील बाळांपेक्षा जास्त असतो. गृहस्थ थोडे हिरमुसले. पण नंतर कक्षातील सिस्टरना विचारून, त्याच पैशात मातांसाठी पाठ टेकून बसायच्या दोन खुर्च्या त्यांनी दिल्या.

त्या खुर्च्यांचे मोल मोठे आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या पद्धतीला ‘कांगारू माता काळजी’ म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात ती सुरू झाली. दिल्लीसह पाच देशांतील रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे छातीशी ठेवले, तर पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे त्यात दिसले. पण आईने तासन् तास बसायचे कशावर? साधी खुर्ची, एक आडपडदा आणि समोरून उघडणारे गाऊन, एवढ्याने हे काम सोपे होते.

गरज कुठे आहे?

नवे यंत्र द्यायचे असेल तर आधी चौकशी करा. पुष्कळदा यंत्र असते. त्याचा तापमान मोजणारा प्रोब तुटलेला असतो किंवा दुरुस्तीचा करार संपलेला असतो. पाटी लावण्याजोगी ही देणगी नव्हे, पण बाळ ऊब मागते, पाटी नव्हे.

दुसरी गरज डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा वयाच्या ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. वेळेवर लेझर उपचार झाले तर दृष्टी वाचते. उशीर झाला तर कायमचे अंधत्व येऊ शकते. तपासणीसाठी शहरात जायचे तर बापाची मजुरी बुडते, बसभाडे आणि जेवणाचा खर्च येतो. एखाद्या बाळाची ही फेरी चुकू न देणे याहून मोठे दान कोणते?

दान योजनापूर्वक कसे करावे?

एकदाच हजारो रुपये देण्यापेक्षा दरवर्षी ठरावीक रक्कम देणे रुग्णालयाला अधिक उपयोगी पडते. बाळाच्या नावाने एक आवर्ती ठेव उघडा. महिना ५०० रुपये म्हणजे वर्षाला ६ हजार. ते दर वाढदिवसाला द्यायचे. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत १ लाख ८ हजार रुपये होतात. घरची ओढाताण न होता एवढे काम होते.

पैसे सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात किंवा नोंदणीकृत संस्थेला चेकने द्या. कशासाठी देत आहात ते पत्रात लिहा आणि पावती घ्या. करसवलत मिळेल का, हे आपल्या कर सल्लागाराला विचारा. २ हजार रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही.

ज्यांना शक्य आहे त्यांनी मृत्युपत्रातही तरतूद करावी. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. संस्थेचे नाव अचूक लिहा. अमुक यंत्रच घ्यावे असे मात्र लिहू नका, कारण वीस वर्षांनी ते यंत्र कालबाह्य झालेले असेल. ‘नवजात बाळांच्या उपचारासाठी’ एवढे पुरे. मोठी रक्कम असेल तर मुद्दल शाबूत ठेवून व्याज खर्चावे, अशी अट घालता येते. वकिलाचा सल्ला जरूर घ्या आणि मुलांना विश्वासात घ्या.

पैसे नसतील तर?

मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. स्वतःच्या बाळाचे भागून उरलेले दूध आई तेथे देते. आईच्या रक्ताची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून गोठवले जाते आणि गरजू बाळांना दिले जाते. अशा पेढ्या आता इतर शहरांतही आहेत. जवळ पेढी नसेल तर कक्षाबाहेर बसलेल्या घाबरलेल्या आईजवळ आपले धष्टपुष्ट मूल घेऊन दहा मिनिटे बसा. ‘हेही दीड किलोचंच होतं’ हे तुमचे शब्द तिला आम्हा डॉक्टरांच्या शब्दांपेक्षा जास्त धीर देतील.

१७ नोव्हेंबर हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा जागतिक दिन. त्या दिवशी किंवा मुलाच्या वाढदिवशी रुग्णालयात जा, सिस्टरना ‘तुम्हाला कशाची गरज आहे?’ असे विचारा, आणि मगच खिशात हात घाला.