गोलाईचा सतरावा रस्ता

मागच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी लातूरहून अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण. तिच्या बोलण्याला प्रस्तावना नसते. "अरे, तू मराठीचा मास्तर ना? मग माझ्या येसरावर चार ओळी लिहून दे. पोरगं म्हणायलंय, इंटरनेटवर टाकायच्यात."

मी नांदेडला महाविद्यालयात मराठी शिकवतो. इतक्या वर्षांत मानपत्रे, निरोपसमारंभाची भाषणे आणि लग्नपत्रिकांवरचे मजकूर मी पुष्कळ लिहून दिले आहेत. पण ज्या लिखाणामुळे कुणाच्या घरात चार पैसे यावेत, असे काही लिहिण्याची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. मी मोठ्या उत्साहाने होकार दिला. त्या होकाराचे पुढे काय झाले, त्याचीच ही हकीकत.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना येसर म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. धान्ये आणि डाळी निरनिराळ्या भाजायच्या, धने, जिरे, मिरची आणि गरम मसाले भाजून त्यांत मिळवायचे आणि सारे एकत्र दळायचे. या पिठाची जी दाट, झणझणीत आमटी होते ती येसर आमटी. आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीत ती नसली, तर वऱ्हाडी तोंडाने काही बोलत नाहीत, पण वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

अक्काचे दुकान लातूरला गंजगोलाईच्या अंगाला आहे. गोलाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा तरी पाहावी. मध्यभागी अंबाबाईचे देऊळ, १९१७ साली उभारलेली दुमजली इमारत आणि तिथे येऊन मिळणारे सोळा रस्ते. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने ही आखणी केली. एका रस्त्यावर सोनेनाणे, दुसऱ्यावर चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. खेड्यातला माणूस एस.टी.तून उतरला की त्याला पत्ता विचारावा लागत नसे. मिरची हवी तर त्याची पावले आपोआप मिरचीच्या रस्त्याला लागत. आमचे दाजी तिथल्याच एका गल्लीत ओट्यावर बसत. येणाऱ्याला पाणी विचारत, पोराबाळांची चौकशी करत आणि मग सावकाश तराजूला हात घालत. त्यांनी कधी जाहिरात केली नाही. ती आखणीच त्यांची जाहिरात होती.

दाजी गेले आणि अक्का ओट्यावर बसू लागली. पण तोवर गिऱ्हाईक पांगले होते. जिन्नस घरपोच येऊ लागले होते. दुकानाचे तीन महिन्यांचे भाडे थकले, तेव्हा भाच्याने आईला सांगितले, "संक्रांतीपर्यंत इंटरनेटवर प्रयत्न करून बघू. नाही जमलं, तर दुकान बंद करू आणि मी पुण्याला नोकरी धरतो." अक्काच्या त्या फोनमागे एवढे सगळे होते. तिने मात्र मला फक्त चार ओळी मागितल्या.

मी चार ओळींच्या जागी चाळीस लिहिल्या. संस्कृतातल्या 'वेसवार' या शब्दापासून सुरुवात केली, मराठवाड्याच्या मातीचा सुगंध आणला, 'रसनातृप्ती' आणली. भाच्याने ते पान साऱ्या जगापुढे मांडले. सोबत कुठून तरी उतरवून घेतलेले एका चकचकीत वाटीचे चित्र लावले. पंधरा दिवसांत एकही पाकीट गेले नाही. पानावर कितीजण येऊन गेले याचा आकडा तिथे कळतो. त्यांत मीच बहुधा अनेकदा मोजला गेलो असेन.

दिवाळीच्या सुटीत मी लोहा, अहमदपूर, चाकूर असा एस.टी.चा प्रवास करून लातूर गाठले. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तुमचं लिखाण चांगलंय. पण शोधणारा माणूस 'रसनातृप्ती' शोधत नाही." मग त्याने मला तो सारा कारभार समजावून सांगितला. माझ्यासारख्या अनभिज्ञांसाठी तो इथे थोडक्यात देतो.

इंटरनेटला सोळा रस्ते नाहीत, असंख्य आहेत, आणि तिथे पाटी वाचत कुणी फिरत नाही. माणूस शोधयंत्राला शब्द देतो. ज्या पानांवर ते शब्द सापडतात, ती पाने यंत्र त्याच्यापुढे मांडते. तेव्हा दुकानदाराने पहिला विचार करायचा तो आपल्याला काय सांगायचे आहे याचा नव्हे, गिऱ्हाईक काय विचारणार आहे याचा. 'येसर आमटी कशी करायची', 'लग्नातली आमटी', 'लातूरचा मसाला' असे लोक विचारतात. त्यांतले निम्मे रोमन लिपीत मराठी लिहितात आणि येसर हा शब्द चार तऱ्हांनी लिहितात. मी व्याकरणाचा माणूस. पण त्या चारही अशुद्ध रूपांना पानावर जागा द्यावी लागली.

दुसरी गोष्ट नकाशाची. मोबाइलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट करता येते. नाव, वेळ, फोन आणि दुकानाची खरी छायाचित्रे एवढे दिले की परगावचा माणूसही गल्लीपर्यंत येतो. आमच्या नोंदीत दुकान दुपारीही उघडे असल्याचे लिहिले होते आणि अक्का तर दुपारी जेवायला घरी जाते! गिऱ्हाईक कुलूप पाहून परत फिरले, तर ते पुन्हा येत नाही. तिसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. २०१८ साली निघालेल्या त्याच्या व्यापारी आवृत्तीत मालाची यादी, किमती आणि चित्रे लावून ठेवता येतात आणि विचारणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देता येते.

एवढे सगळे नीट केले, तरी येसराचे पाकीट कुणी मागवीना. गाडे हलले ते अक्कामुळे, आणि तेही तिच्या नकळत.

झाले असे की, पुण्याहून एका मुलीने विचारले, "काकू, माझी आमटी गुठळ्या होऊन बिघडली. काय चुकलं?" अक्काला टंकता येत नाही. तिने मोबाइल तोंडाशी धरला आणि फोडणी घालता घालता सांगितले, "अगं बाई, येसर उकळत्यात टाकू नको. आधी गार पाण्यात कालव, मग फोडणीत वत. अन् हात थांबवायचा नाही, कुणाचा फोन आला तरी." पाठीमागे फोडणीचा चर्रर्र आवाज होता. त्या मुलीने तो निरोप मैत्रिणींना पाठवला. भाचा हुशार, त्याने दुसऱ्या दिवशी अक्काच्या हातांचे आणि कढईचे चित्रीकरण केले, तिचा आवाज तसाच ठेवला आणि ते पानावर लावले. त्या आठवड्यात पहिल्यांदा टपालाने पाकिटे गेली.

कोण होती ही माणसे? बहुतेक आपलीच. लातूरला, नांदेडला शिकून पुणे, मुंबई, बंगळूरला नोकरीला गेलेली मुले. त्यांनी येसर आमटी मामाच्या लग्नात खाल्लेली असते, पण करायची कशी ते आईला विचारायचे राहून गेलेले असते. त्यांना माझ्या चाळीस ओळींची गरज नव्हती. विचारल्यावर न कंटाळता उत्तर देणारे कुणीतरी त्यांना हवे होते. दाजी ओट्यावर बसून जे करीत होते, तेच अक्का आता करीत होती.

हे मला नवे वाटले खरे, पण नांदेडला परतल्यावर जुनी पुस्तके चाळताना लक्षात आले की, मराठी माणसाने ही युक्ती शंभर वर्षांपूर्वीच करून दाखवली आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघू लागले. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याचे ते पत्र, कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी काढलेले. संपादक शंकरराव किर्लोस्कर. पण नुसते आपल्या मालाचे गुणगान कोण वाचणार? शंकररावांनी वाचकाच्या उपयोगाचा आणि आवडीचा मजकूर त्यात आणला. पुढे त्या खबरेचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही त्याची भावंडे निघाली, आणि कारखान्याच्या पत्रातून मराठी वाचकांच्या दोन पिढ्या घडल्या. वाचकाला आधी काही द्यावे, मग त्याच्याकडून अपेक्षा करावी, हा त्यातला धडा. अक्काने 'किर्लोस्कर खबर' पाहिलेली नाही. पण गुठळ्या कशा मोडाव्यात हे फुकट सांगून तिने तोच धडा गिरवला.

आता या बाजारातल्या ठेचाही सांगितल्या पाहिजेत.

मार्गशीर्षात एक फोन आला. बोलणारा म्हणाला, मी लष्करातला अधिकारी, छावणीसाठी वीस किलो येसर हवे आहे, पैसे आगाऊ पाठवतो. त्याने एक चौकडीचे चित्र पाठवले आणि म्हणाला, हे मोबाइलने टिपा, पिन घाला, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. अक्काने तसे केले आणि खात्यातले साडेआठ हजार रुपये गेले. ते थकलेल्या भाड्यासाठी जमवलेले होते. फोन नंबर पानावर ठळक टाकायला मीच सांगितले होते, त्यामुळे मला रात्रभर झोप आली नाही. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार केली. ती लगेच केली तर पैसे अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही रडण्यात आणि एकमेकांना दोष देण्यात एक दिवस घालवला होता. पैसे परत आले नाहीत. वाचकांनी एवढे मात्र गाठीशी बांधावे की, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार.

दुसरी ठेच तक्रारीची. ठाण्याच्या एका बाईंचे पाकीट वाटेत फुटले. त्यांनी साऱ्या जगाला दिसेल असे लिहिले, 'अत्यंत निष्काळजी दुकान.' भाचा म्हणाला, मित्रांकडून दहा चांगले अभिप्राय लिहून घेऊ, म्हणजे हा खाली जाईल. अक्का त्याच्याकडे नुसती बघत राहिली. "तुझ्या बापानं कधी मापात पाप केलं का?" एवढेच ती म्हणाली. विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याची बतावणी करून स्वतःच्या मालाची स्तुती लिहू नये, असा २०२० सालच्या ई-व्यापाराच्या नियमांतही दंडक आहे. अक्काला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिने त्या बाईंना फोन केला, चूक कबूल केली आणि दुहेरी पिशवीत दुसरे पाकीट पाठवले. बाईंनी जुन्या तक्रारीखालीच नवे चार शब्द लिहिले. ती तक्रार आम्ही अजून तशीच ठेवली आहे. तिच्याइतकी चांगली जाहिरात माझ्या हातून झाली नसती.

शेवटची गोष्ट मालकीची. दुसऱ्याच्या जागेवर थाटलेले दुकान एका रात्रीत हातचे जाऊ शकते. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजींचे 'आपली आजी' हे यूट्यूबवरचे पाककृतींचे दालन २०२० साली कुणीतरी चोरले होते. ते परत मिळाले, पण मधले दिवस त्या घराने कसे काढले असतील याची कल्पना करावी. म्हणून भाच्याने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळही घेतले. २०१४ सालापासून '.भारत' या देवनागरी शेपटाचे नाव घेता येते, हे ऐकून मी उगाचच सुखावलो. आणि अक्काने गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि कुणाला तिखट चालत नाही, हे सारे दाजींच्या जुन्या खतावणीत उतरवून ठेवले आहे. ती वही कुणी चोरू शकत नाही.

नाव राखणे हा मोठाच विषय आहे. २०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे कुंपण मिळाले, हे उत्तमच. पण त्या नावामागे विचारल्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस नसेल, तर नुसत्या कुंपणात पीक येत नाही.

संक्रांत आली आणि गेली. दुकान बंद झाले नाही. फार मोठे काही घडले अशातला भाग नाही. भाडे फिटले, भाचा लातुरातच राहिला आणि दुपारच्या वेळी हल्ली तो ओट्यावर बसतो. गोलाईला सतरावा रस्ता फुटला, एवढेच म्हणता येईल.

यंदा दसऱ्याला अक्काचा पुन्हा फोन आला. दिवाळीसाठी मेतकुटाचीही पाकिटे काढली आहेत म्हणाली. मी विचारले, "चार ओळी लिहून देऊ का?"

"नको," अक्का म्हणाली. "मी सांगते, तू नुसतं उतरवून घे. अन् शुद्धलेखन तेवढं बघ."

मी वही घेऊन बसलो.