खाडीपलीकडचे घर

अंधेरी स्टेशनचा पूल उतरताना हातात कोंबले जाणारे जाहिरातीचे कागद आपण एरवी न वाचताच चुरगळून टाकतो. पण घरात दुसरे मूल आले किंवा घरमालकाने अकरा महिन्यांचा करार पुढे चालवायला नकार दिला, की तोच कागद घडी घालून खिशात जातो. 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर, वन बीएचके, परवडणाऱ्या किमतीत.' ही पाच मिनिटे पायी की रिक्षाने, आणि रिक्षासाठी रांगेत उभे राहण्याचा वेळ त्यात धरला आहे की नाही, हे कागदावर कधीच नसते.

मराठी मध्यमवर्गाचा मुक्काम असा पिढीगणिक चार स्टेशने पुढे सरकत आला आहे. गिरगाव-दादरची माणसे पार्ले-अंधेरीत आली, त्यांची मुले बोरिवलीला गेली, आणि नातवंडांनी भाईंदरची खाडी ओलांडून नायगाव, वसई, नालासोपारा, विरार गाठले. आज सीप्झमध्ये किंवा मरोळच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोने दोन पगारांच्या हिशेबावर पहिले घर घ्यायचे म्हटले, तर अंधेरीचे भाव ऐकून त्यांना गाडीच पकडावी लागते.

लांबचे घर स्वस्त असते, यात लपवाछपवी काही नाही. मात्र स्वस्ताई दोन प्रकारची असते. एक अंतराची. तिची किंमत रोज थोडी थोडी फलाटावर मोजावी लागते, पण ती आधी कळते. दुसरी कागदांची. ती आधी कळत नाही, आणि मोजायची वेळ येते तेव्हा सगळी एकदमच मोजावी लागते. पहिली पत्करावी, दुसरीच्या वाटेला जाऊ नये.

आधी अंतराचे पाहू. चर्चगेटपासून अंधेरी सुमारे २२ किलोमीटर आणि विरार ६०. म्हणजे अंधेरीच्या नोकरदाराला विरार तसे अडतीस किलोमीटरवरच आहे. पण नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. विरारला गाडी सुटते, त्यामुळे तिथे निदान उभे राहायला हक्काची जागा मिळते. नालासोपाऱ्याला ती भरूनच येते, म्हणून कित्येकजण आधी उलटे विरारला जाऊन त्याच गाडीने परत येतात. मीरा रोड नकाशावर जवळ आहे, पण सकाळी विरारच्या जलद गाडीत तिथून शिरणे हा निराळाच पराक्रम. संध्याकाळी तीच गोष्ट अंधेरीला. चर्चगेटहून ठासून आलेली विरार गाडी सोडून द्यायची आणि अंधेरीहूनच सुटणारी धरायची, हे शहाणपण पहिल्या महिन्यातच येते. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून जाते. सफाळे, पालघर, बोईसर हे पर्याय त्यामुळे खुले झाले. पण तिथे गाड्या मोजक्या, एक चुकली की वाट पाहणे आले.

मध्य रेल्वेचाही विचार करायला हरकत नाही. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू होईपर्यंत डोंबिवलीकराला अंधेरीला यायचे तर बहुधा दादरला वळसा पडे. आता घाटकोपरला गाडी बदलली की झाले. मात्र रेल्वेच्या पासात मेट्रोचे भाडे मिळवून मगच हिशेब करावा.

टोकनचे पैसे देण्यापूर्वी आठवडाभर दोघांनीही आपापल्या वेळेला हा प्रवास करून पाहावा. बायकोची सुट्टी रात्री नऊला होत असेल, तर स्टेशनवरून घरापर्यंतचा रस्ता तिने रात्री दहालाच पाहायला हवा. दिवे आहेत का, रिक्षा आहेत का, दुकाने केव्हा बंद होतात? रविवारी सकाळी सगळेच रस्ते सुरक्षित वाटतात.

आता कागद. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या. तिथले लोक घुसखोर नव्हते. त्यांतल्या कित्येकांनी पैसे मोजून घरे घेतली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसे गेली. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींची कथा आणखी विलक्षण आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांनी चक्क महारेराची नोंदणी मिळवली होती. २०२४ मध्ये न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या.

तेव्हा महारेराचा क्रमांक आहे, करार नोंदवला आहे, एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. दुय्यम निबंधक व्यवहार नोंदवतो, इमारत कायदेशीर असल्याची हमी देत नाही. जमिनीचा सातबारा, बिनशेती परवाना, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, आणि इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, यांच्या प्रती बिल्डरकडून घ्याव्यात आणि थेट महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन ताडून पाहाव्यात. खोटेपणा पकडला जातो तो तिथेच. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपण नेमलेल्या वकिलाकडून घ्यावा. बिल्डरने सुचवलेला वकील आपला नसतो. आणि रेरा कायद्यानुसार करार नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे हसतमुख सेल्समनला आठवण करून द्यायला लाजू नये.

माझे विचाराल तर पहिल्या घरासाठी नव्या टॉवरपेक्षा ओसी असलेल्या, जमीन सोसायटीच्या नावावर झालेल्या दहा-पंधरा वर्षांच्या इमारतीतले छोटे घर बरे. लिफ्टमध्ये आरसा नसेल, पण नळाला पाणी किती वेळ येते, टँकरला वर्षाकाठी किती जातात, हे शेजारीण खरे सांगते. वसईच्या विहिरींवरून आणि टँकरवरून एके काळी आंदोलने पेटली होती. पाण्याचा प्रश्न तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारावा लागत नाही, तेच सुरू करतात.

घर शक्यतो जुलैत पाहावे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन वसई-विरारची वाहतूक ठप्प झाली होती. २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. तळमजल्यावरच्या वाण्याला विचारा, पाणी कुठपर्यंत चढते. तो हाताने भिंतीवर दाखवतो.

या सगळ्यासाठी एक रजा टाकावी लागेल. नगररचना खाते रविवारी बंद असते. बिल्डरचा नमुना फ्लॅट मात्र रविवारीच सजवलेला असतो.