लाल ओळींना घाबरू नका

कॉलेजचे पहिले सत्र सुरू झाले की आमच्या हुबळी-धारवाडच्या संगणक प्रयोगशाळांतून एकच वाक्य ऐकू येते, ‘‘सर, एरर बंतु री!’’ दहावीपर्यंत कन्नड किंवा मराठी माध्यमात शिकलेली, घरी दोन्ही भाषा सहज बोलणारी हुशार मुले ‘सी’ भाषेतला पहिलाच प्रोग्राम लिहितात आणि पडद्यावर इंग्रजीच्या २०-२५ ओळी उमटल्या की हिरमुसतात. काहीजण तर ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून तो विषयच मनातून काढून टाकतात. खरे तर अडते ते बुद्धीपाशी नव्हे, वाचण्यापाशी.

ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये घडवली. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने ती असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत नेली. भाषा जुनी झाली, नवशिक्यांच्या चुका मात्र त्याच आहेत. त्या कंपाइल आणि लिंक या दोन पायऱ्यांवर होतात. कोणत्या पायरीवर अडले हे कळले की निम्मे काम झाले.

कंपायलर हा मुद्रितशोधकासारखा. तो एकेक फाइल व्याकरणाने तपासतो. अर्धविराम राहिला, महिरपी कंस उघडा राहिला की ओळीचा क्रमांक देऊन अडतो. मात्र पाचव्या ओळीतला अर्धविराम राहिला तर तक्रार सहाव्या ओळीवर येऊ शकते, म्हणून एक ओळ वरही पाहावे. एका कंसापायी दहा तक्रारी येतात. त्यातली पहिली तेवढी दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे. उरलेल्या बहुधा आपोआप जातात.

आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. देवनागरीत आणि कन्नड लिपीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही. ‘प्रिंटएफ’मधला ‘पी’ कॅपिटल पडला तरी आपल्या डोळ्यांना खटकत नाही. ‘सी’ भाषेला मात्र ते निराळेच नाव वाटते. पूर्वीचे जीसीसी अशा अनोळखी नावावर ताकीद देऊन पुढे जाऊ देई आणि मग लिंकर अडे. २०२४ साली आलेल्या जीसीसी १४ पासून सहसा कंपायलरच अडवतो.

लिंकरचे काम लग्नघरातल्या कारभाऱ्याचे. यादीत आचाऱ्याचे नाव आहे, ती झाली हेडर फाइल. पण आचारी आलाच नाही तर पंगत कशी बसणार? ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणजे नेमके हेच. वर्गमूळ काढण्यासाठी ‘मॅथ डॉट एच’ लिहिले की यादीत नाव आले. लिनक्सवर जीसीसीच्या आज्ञेच्या शेवटी ‘हायफन एलएम’ जोडले की आचारी हजर! ‘मेन’च्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ आणि ‘आय’ची अदलाबदल झाली तर कंपायलर गप्प बसतो, कारण व्याकरण बरोबर असते. लिंकर मात्र ‘मेन’ कुठे आहे म्हणून विचारतो. एकत्र जोडायच्या दोन्ही फाइलींत ‘मेन’ असेल तर ‘मल्टिपल डेफिनिशन’, म्हणजे एका मांडवात दोन नवरदेव! सर्वांत शेवटी येणारी ‘एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ ही ओळ फक्त लिंकर अडल्याचे सांगते. अडण्याचे कारण तिच्या वर असते. मुले नेमकी ही शेवटची ओळ पाठ करून येतात.

पालकहो, यात तुमचीही मदत होऊ शकते, त्यासाठी संगणक यावा लागत नाही. मुलगा किंवा मुलगी कंटाळून उठू लागली तर म्हणा, ‘‘पहिली ओळ मोठ्याने वाच आणि ती काय म्हणते ते मला मराठीत सांग.’’ कन्नडमध्ये सांगितले तरी चालेल. अर्थ सांगता सांगताच बऱ्याच मुलांना आपली चूक दिसते. दोन भाषा येणाऱ्या घरातल्या मुलांना तिसरी भाषा जड जाऊ नये.