खुळखुळणारी डबी

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात रेचल ज्यूक्स आणि सहकाऱ्यांनी हजारावर तरुणींची पाहणी केली. २०१० साली निष्कर्ष आले: नव्या एचआयव्ही लागणींपैकी सुमारे १२ टक्के लागणींचा धागा जोडीदाराच्या हिंसेपर्यंत जात होता.

अशा नात्यात निरोधाचा आग्रह धरला, तर मार. एचआयव्ही-प्रतिबंधक गोळी रोज घ्यायची, तर डबी पर्समध्ये खुळखुळते, ‘कोणासाठी घेतेस?’ हा संशय ठरलेलाच. त्यात धाकाने नैराश्य आलं, की गोळ्या चुकू लागतात. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

म्हणून सहा महिन्यांतून एकदा टोचायचं लेनाकॅपाविर हे प्रतिबंधक औषध मोलाचं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका व युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. मार आणि नैराश्य मात्र इंजेक्शनने थांबत नाहीत. त्यासाठी दवाखान्यातच समुपदेशक हवी.